अंकुश मुकादमाची शिटी

त्या वर्षी भादवा सरला तरी गवत हटेना. आज कापलं तर आठवडाभरात पुन्हा पोटरीला लागायचं. गवत वाढलं की त्यात किडे, किड्यांमागे पाखरं, आणि पाखरं आली की विमानवाल्यांना धास्ती, इंजिनात शिरतील म्हणून. म्हणून उमरघाटच्या चार बाया रोज सकाळी विमानतळाच्या मागच्या गेटातून आत जायच्या. गळ्यात पास, डोक्याला फडकं, हातात इळा. सपाट जागेवर ट्रॅक्टर फिरायचा. नालीच्या काठाला, दिव्यांच्या खांबांभोवती, जिथे ट्रॅक्टरचं पातं पोचत नाही, तिथे बाया बसून कापायच्या.

ही जमीन एके काळी उमरघाटचीच. जयाच्या सासऱ्याचं वावर धावपट्टीच्या टोकाशी होतं. लग्न होऊन आली त्या वर्षी जयानं तिथे तूर निंदली होती. आता धुरे-बांध गेले, विहीर बुजली, कुणाचं कुठलं काही उमगत नव्हतं. पण नालीच्या वळणावर माती काळी आणि चिकट होती, इळ्याला लागली की निघायची नाही, त्यावरून जया ओळखायची. तिथे कापताना ती कुणाशी बोलायची नाही.

चौघींत जया आणि तिची सून रोशनी, शेजारची सुभद्रा आणि मयुरा. वर मुकादम अंकुश. तो जयाच्या नवऱ्याच्या, रविंद्रच्या भावकीतला. दोघांची घरं एकाच बोळात होती. अंकुशच्या अंगात ठेकेदाराचा निळा शर्ट, कमरेला वॉकीटॉकी, गळ्यात काळ्या दोरीला शिटी. विमान उतरायचं झालं की वॉकी खरखरायचा आणि अंकुश शिटी मारायचा. शिटी झाली की असेल तिथून उठायचं, नालीत उतरायचं, मातीच्या बांधाआड बसायचं. विमान गेलं की पुन्हा एक शिटी, की पुन्हा गवतात. दिवसातून कितीदा तरी हे व्हायचं. बांधाआड बसून बाया तंबाखू मळायच्या, फडक्यानं मान पुसायच्या.

रोशनी नरखेडकडची. बापाच्या मागे संत्र्याच्या बागेत राबून वाढलेली, हात बारीक पण चपळ. तिचा इळा गवतात शिरला की नुसता सर्र आवाज यायचा. दीड वर्षाची पिंकी अजून अंगावर पीत होती. पोरीला सकाळी आजोबापाशी सोडून यायचं, आणि दुपार झाली की रोशनीची छाती दुधानं दगडासारखी व्हायची. मग ती नालीत पाठमोरी बसून गवतावर दूध पिळायची. सुभद्रा म्हणायची, "धरतीले पाजून राहिली वं." रोशनी हसायची. तिला हसायला फार काही लागत नसे.

एका सोमवारी दिव्याच्या खांबाशी एक इळा सापडला. गाडीतून फेरी मारणाऱ्या साहेबाला सापडला. गाडी थेट बायांपाशी आली. साहेबानं इळा अंकुशच्या नाकासमोर धरला. "ये पहिये में घुसेगा तो? तेरा बाप आएगा जवाब देने? गधा कहीं का." अंकुश हात जोडून उभा. चार बाया बघताहेत, ट्रॅक्टरवाला बघतोय. त्याच्या मानेवर लाली चढत गेली ती कानापर्यंत.

गाडी गेली. अंकुशनं विचारलं, "कोनाचा हाय?"

"माया," रोशनी म्हणाली. "शिटी झाली तवा राह्यला."

पेंढ्या बांधायच्या सुतळीचा तुकडा अंकुशनं तोडला, इळ्याच्या मुठीला गाठ मारली आणि तो रोशनीच्या गळ्यात अडकवला. बैलाच्या गळ्यात लोढणं अडकवावं तसा.

"आता इसरशील काय? आज दिवसभर असाच राहू दे. आन यापुढं ज्या बाईचा इळा आत राहीन, तिनं गेटात पाय ठेवू नये."

जया उठली. "अंकुश, काढ ते. लेकुरवाळी पोरगी हाय."

"वयनी, तुमी मंधात पडू नोका. नातं गेटाच्या बाहीर."

त्या दिवशी रोशनीनं कापलेलं गवत गोळा केलं. वाकली की इळा पुढे लोंबायचा, सरळ झाली की मूठ छातीवर आदळायची, भरलेल्या छातीवर. पातं लागू नये म्हणून एका हातानं ते धरून ठेवायचं आणि दुसऱ्या हातानं गवत उचलायचं. संध्याकाळी बाहेर पडताना गेटावरचे दोघं पहारेकरी हसले. एकानं मोबाइल काढून फोटो घेतला. "हे काय, मेडल भेटलं काय?" रोशनीही हसली, पण तिचा खालचा ओठ एका बाजूला ओढला गेला. जयानं तो पाहिला.

घरी पिंकीला पाजायला घेतलं तेव्हा सुतळीचा वळ मानेवर उठला होता. जयानं बोटानं खोबऱ्याचं तेल लावलं.

"प्रशिकले सांगू नोका, आई," रोशनी म्हणाली. प्रशिक जयाचा मुलगा, बुटीबोरीला कापडाच्या कारखान्यात पाळीवर जायचा. डोकं तापट. "उगाच भांडन करन. माया बी चुकलंच होतं."

जयानं सांगितलं नाही.

पुढच्याच आठवड्यातली दुपार. ऊन असं, की नालीतलं पाणीसुद्धा कोमट लागत होतं. रोशनी खांबाजवळ पेंढी बांधत होती. अंकुशची शिटी झाली. चौघी उठल्या, नालीत उतरल्या. रोशनी शेवटची. बांधाआड बसता बसता तिनं कमरेला हात लावला आणि तिचा चेहरा उतरला.

"इळा."

"राहू दे," जया म्हणाली.

"येतो लगेच."

जयानं तिचा पदर धरला. पदर हातातून सुटला. रोशनी बांध चढून गेलीसुद्धा. तसं कुणाला काही वाटलं नाही. विमानं पट्टीवर उतरायची, पट्टी दूर होती, इतक्या दिवसांत एकही इकडे आलं नव्हतं. अंकुशनं मात्र तिला पाहिलं. त्यानं पुन्हा शिटी मारली, लांब, मग पुन्हा, मग तो हात हलवत तिच्या दिशेनं धावायला लागला. "ए पोरी, फिर मांगं, फिर."

माल वाहणारं विमान होतं ते. पांढरं, पोट सुटलेलं, बाजूला एकही खिडकी नाही. चाकं टेकली, धूर निघाला, रोजच्यासारखंच. आणि मग त्याचा डावा पाय दुमडला. ओझ्याखाली बैल गुडघ्यावर यावा तसं ते एका बाजूला बसलं. पंख जमिनीला लागला, ठिणग्यांचा लोट उठला, आणि विमान पट्टी सोडून आडवं, घासत, गवतात शिरलं. रोशनी उभी होती. तिला इळा सापडला होता, हातात होता. ती पळाली, पण कुठे पळायचं ते ठरवायला माणसाला एक क्षण लागतो. पंखाखालचं इंजिन तुटून विमानाच्या पुढे गडगडत आलं. जयानं एवढं पाहिलं. नंतर धूळ.

धूळ बसली तेव्हा घासलेटासारखा उग्र वास भरला होता आणि कुठेच आवाज नव्हता. मग बंब आले. पांढरा फेस सगळीकडे पसरला. विमानाच्या नाकातून दोन माणसं दोरावरून उतरली. एकजण चार पावलं चालला, बसला आणि ओकला. त्याच्यासाठी पाण्याची बाटली घेऊन तिघं धावले. विमानाच्या फाटलेल्या पोटातून खोकी गवतात सांडली होती, काही फुटली होती, आतून नवेकोरे बूट बाहेर आले होते. पंधरा मिनिटांत त्या बुटांभोवती बंदूकवाले पहारेकरी उभे राहिले.

रोशनीपाशी कुणी नव्हतं. जया होती, आणि सुभद्रा तिला धरून. अंकुश आला, त्यानं अंगातला निळा शर्ट काढला आणि रोशनीवर टाकला. बनियनवर तो उभा राहिला. "म्या शिटी मारली, वयनी. म्या लय शिटी मारली," असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. जयानं वर पाहिलं. त्याच्या गळ्यात शिटी होती, तोंडातून लाळ गळत होती. तो खोटं बोलत नव्हता. जयाच्या ते ध्यानात राहिलं. शर्टही ध्यानात राहिला. आणि त्यानं आत काही हललं नाही.

नागपूरच्या घाटावर सगळं झालं. विहारातले लोक आले, त्रिशरण-पंचशील झालं, मेणबत्त्या लागल्या. पिंकीला काही कळत नव्हतं. तिला फक्त अंगावर प्यायचं होतं. बाटली तोंडात घातली की थुंकायची. तिसऱ्या दिवशी जयानं चोळीची गाठ सोडली आणि आपली सुकलेली छाती तिच्या तोंडात दिली. पोर ओढत राहिली, दात लावले, मग चिडून रडली, मग तशीच तोंडात धरून झोपली. पन्नाशीला टेकलेली जया भिंतीला पाठ लावून बसली होती आणि दात लागले तिथे रक्त आलं होतं.

प्रशिकनं घराच्या मागून लोखंडी पाइप काढला. "त्या मुकादमाले सोडत नाई मी. त्याच्या जिवावर काम करत होती ना ती?"

जया दारात आडवी झाली. "ठेव ते."

"काहून?"

"तू मारशील, चार दिवसात त्याचं हाड जुळन. तू जेलात जाशील. पिंकीले कोन पाहीन? ठेव. मी पायतो."

प्रशिकनं आईकडे पाहिलं. तिचा आवाज चढला नव्हता. पाइप त्यानं खाली ठेवला.

मग एके दिवशी एक अधिकारी घरी आला. सोबत गावचा सरपंच. अधिकारी खरोखर भला माणूस होता, खुर्ची नाकारून बाजेवर बसला. त्यानं समजावून सांगितलं की विमानाच्या पायात आत एक खीळ असते, तिला आतल्या आत तडा गेला होता. बाहेरून दिसला नसता. उडवणाऱ्याची चूक नाही, उतरवणाऱ्याची नाही. "हा मशीनचा दोष आहे, ताई. यात कुणा माणसाचा दोष नाही."

जयानं चहाचा कप पुढे सरकवला. "साहेब, ते मशीन कुठी राह्यते?"

"म्हणजे?"

"राह्यते कुठी? तिचं घर, गाव?"

अधिकाऱ्यानं कप उचलून पुन्हा खाली ठेवला. सरपंच म्हणाला, "जयाबाई, तसं नसते." मग मदतीचं काही बोलणं झालं, ते रविंद्रनं ऐकून घेतलं. जाता जाता अधिकारी म्हणाला, की दुसरी एक चौकशी व्हायची आहे. बाई गवतात कशी राहिली, मुकादमानं शिटी दिली होती का, याची. चौघींपैकी तिघींना बोलावणं येईल. खरं ते सांगा.

"खरंच सांगीन," जया म्हणाली.

तिला आता माणूस भेटला होता.

ते सगळे दिवस ती कामात राहिली. गोठा झाडला, भिंती सारवल्या, तुरीच्या काड्या मोडून सरपण रचलं. हात चालत असले की डोक्यात एकच गोष्ट नीट मांडता येत होती. अंकुशनं रोशनीच्या गळ्यात सुतळी बांधली, हे सांगितलं तर साहेब काय म्हणेल? म्हणेल, वाईट झालं, असं करायला नको होतं. बस. गळ्यात इळा अडकवायला कुठली शिक्षा नाही. शिटी न मारायला आहे. जयानं हे मनात फिरवून फिरवून पाहिलं, जसा नवीन इळा विकत घेताना माणूस उन्हात धरून पाहतो.

सुभद्रा हापशीवर धुणं धुत होती. जया आपली घागर घेऊन गेली. दांडा धरला, पण हापसला नाही.

"सुभद्रे, त्या दिवशी तुले काय आयकू आलं?"

"इमानाचा आवाज. जीव गेला होता ना वं माया."

"आनखी?"

सुभद्राचे हात लुगड्यावर थांबले. तिनं जयाकडे पाहिलं, मग बोळाकडे, मग पुन्हा जयाकडे. अंकुशनं एकदा सुभद्राला पाळीच्या दिवसांत नालीत बसली म्हणून सगळ्यांसमोर कामचोर म्हटलं होतं. मयुराला तर रोजच बोलायचा.

"तू सांग, जयाबाई," सुभद्रा म्हणाली, "मले काय आयकू आलं ते."

जयानं घागर भरली. "शिटी नाई आली आयकू."

"मयुरेले?"

"तिलेही तूच सांग."

चौकशीची खोली थंड होती, अंगावर काटा येईल इतकी. टेबलामागे तिघंजण. एकेकीला आत बोलावलं. जया खुर्चीच्या काठावर बसली. पायात चप्पल नव्हती, ती तिनं दाराशी काढली होती, आणि फरशी तळव्यांना बर्फासारखी लागत होती.

"शिटी वाजली होती?"

"नाई."

"मुकादम म्हणतो, तीनदा वाजवली."

"त्यानं म्हनावं."

"मग तुम्ही तिघी नालीत कशा गेलात?" मधल्यानं विचारलं. चष्म्यावरून बघत होता.

हा प्रश्न येणार हे जयाला ठाऊक होतं. सरपण रचताना तिनं त्याचं उत्तर रचून ठेवलं होतं. "इमान दिसलं. रोजची सवय हाय, डोळा वरच लागून राह्यते. माया सुनेची पाठ होती तिकडं. ती पेंढी बांधून राहिली होती. तिले दिसलं नाई." मग ती थोडी थांबली. "शिटी वाजली असती तं तिनं मान नसती उचलली काय, साहेब?"

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. एकानं पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला. जयानं तो घेतला आणि सगळा रिकामा केला. बाहेर येताना बाकावर अंकुश बसला होता, डोकं विंचरून, धुतलेला सदरा घालून, आपली पाळी यायची वाट बघत. तिला पाहून उठला. "सांगतलं ना वयनी?"

"सांगतलं," जया म्हणाली.

पुढे सगळं लवकर झालं. अंकुशचा पास काढून घेतला. ठेकेदारानं त्याला दारातूनच परत लावलं. पोलिसांनी हयगयीचा गुन्हा लावला, त्याला ठाण्यात ठेवलं, मग जामिनावर सोडलं. गावात परतला तो मागच्या वाटेनं, अंधार पडल्यावर घरात शिरला. ज्या टपरीवर तो मुकादम म्हणून पाय पसरून बसायचा, तिथे आता कुणी सरकून जागा देईना. पोरं त्याला पाहून तोंडात दोन बोटं घालून शिटी मारायची. पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा जया चुलीपाशी होती. तिनं भाकर उलटवली. भाकर छान फुगली होती.

अंकुशची बायको कामिनी आली ती भर दुपारी. दारात बसली, आत आली नाही.

"वयनी, तुमी आन मी येकाच दिवशी लग्नाच्या पाटावर बसलो होतो. माया मानूस कसाही असन, पन त्यानं शिटी मारली होती. तो झोपीत उठून शिटी मारते. तोंडानं. मी काय करू?"

जया पिंकीला वरणभात भरवत होती. पोर आता खायला शिकली होती. तिनं एक घास केला, फुंकला, तोंडात घातला.

"येक डाव साहेबापाशी जाऊन सांगा. म्हना, मले आठवलं. तुमाले कोनी काही नाई म्हननार."

दुसरा घास. तिसरा. कामिनी बसून राहिली. भात संपल्यावर जयानं पोरीचं तोंड पुसलं, ताट उचललं आणि मोरीकडे गेली. परत आली तेव्हा दार रिकामं होतं.

रविंद्र बाजेवर पडून हे सगळं ऐकत होता. त्याची कंबर विमानतळाच्या भिंतीचे दगड उचलून गेली होती, दहा वर्षांपासून तो घरीच. संध्याकाळी तो म्हणाला, "अंकुश खोटं बोलत नाई. मी त्याले लहानपनापासून पायतो."

"तिच्या मानेवर वळ होता," जया म्हणाली. "तुमी पाह्यला होता?"

"कशाचा?"

मग तिनं त्याला सुतळीचं सांगितलं. इळ्याचं, गेटावरच्या फोटोचं. रविंद्रनं सगळं ऐकलं.

"मंग हे सांगायचं होतं," तो शेवटी म्हणाला. "जे झालं ते."

"ह्याले शिक्षा नाई."

"म्हनून न झालेलं सांगतलं."

त्या दिवसापासून रविंद्र आपलं पाणी आपण घेऊ लागला. कंबर धरून, भिंतीचा आधार घेत माठापर्यंत जायचा, वाकताना कण्हायचा, पण जयाच्या हातचा पेला घेईना. ती तरीही रोज भरून ठेवायची. रोज तो तसाच राहायचा.

दिवाळी आली नि गेली. विमानाचे तुकडे ट्रेलरवर घालून नेले. ठेकेदारानं लांब हाताचं नवं यंत्र आणलं, नालीच्या काठालासुद्धा पोचणारं, आणि बायांना निरोप पाठवला की आता येऊ नका. सुभद्रा जयाच्या अंगणात येऊन उभी राहिली.

"त्याचं गेलं, आपलं बी गेलं," ती म्हणाली. "मले वाटलं होतं त्याच्या जागी दुसरा येईन."

"मले बी," जया म्हणाली.

मग बाया बुटीबोरीकडे कापूस वेचायला जाऊ लागल्या. सकाळी टेम्पो यायचा, माणसं कोंबून न्यायचा. वेचणी म्हणजे बायांचं काम. गडीमाणूस गाठोडी उचलायला असतो, वेचायच्या ओळीत, पातीत, शिरत नाही. त्या दिवशी टेम्पो उमरघाटच्या फाट्यावर थांबला तेव्हा बायांच्या मागे अंकुश उभा होता. वाळला होता. दाढीचे खुंट पांढरे दिसत होते. बाया आत सरकल्या, पण त्याला बसायला जागा झाली नाही. तो फळकुट धरून उभाच आला.

वावर मोठं होतं. पऱ्हाटी छातीएवढी, बोंडं फुटून पांढरी झालेली. मालकानं पाती वाटल्या. जयाच्या शेजारची पात अंकुशला आली. कोणी मुद्दाम केलं नव्हतं, टेम्पोतून उतरले तशा लागल्या.

जयानं कमरेला ओटी बांधली आणि हात सुरू केले. दव होतं, कापूस जड लागत होता. अंकुशला जमत नव्हतं. बोंडाच्या वाळल्या टोकांनी त्याची बोटं सोलून निघाली होती. कापसाला रक्ताचे ठिपके लागत होते आणि तो ते मालकाला दिसू नयेत म्हणून आत दाबत होता. दोन बायांनी ते पाहिलं आणि पदराआड हसल्या. "मुकादम, शिटी मारा, बोंडं आपोआप ओटीत येतीन," मयुरा म्हणाली. अंकुश खाली मान घालून वेचत राहिला.

ऊन वर आलं तशी बाकीच्या पुढे निघून गेल्या. जया मुद्दाम मागे राहिली की काय, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. दोघांमध्ये एक पऱ्हाटीची ओळ होती.

"वयनी," अंकुश हलक्या आवाजात म्हणाला. "येक इचारू?"

"इचार."

"त्या दिवशी शिटी तुमाले आयकू आली होती ना?"

जयानं हातातलं बोंड पुरतं वेचलं. आत कवचाला चिकटलेला कापसाचा एक तंतूही तिनं सोडला नाही.

"आली होती," ती म्हणाली. "तिन्ही खेपा."

अंकुशचे हात खाली आले. त्याच्या तोंडावर आधी सुटका दिसली, खरंच दिसली. इतके दिवस सगळं गाव नाही म्हणत असताना त्याला स्वतःच्याच कानांचा भरवसा उरला नव्हता. मग ती सुटका गेली.

"मंग काहून? म्या काय केलतं?"

"तू तिच्या गळ्यात इळा बांधला होता."

जया त्याच्याकडे रोखून पाहत होती. त्याच्या डोळ्यांत शोध चालला होता, अंधाऱ्या कोठीत हात घालून एखादी वस्तू चाचपावी तसा. त्याला आठवावं लागत होतं. ज्या सुतळीचा वळ जयाला डोळे मिटले की दिसायचा, ती त्याला शोधून काढावी लागत होती. या माणसाशी आपण जे केलं ते बरोबर की चूक, असं एखाद्या पहाटे जयाला वाटून जायचं. आता ते वाटणं संपलं.

"तो," अंकुश म्हणाला. "हाव. तो तं येका दिवसाचा... साहेबानं मले बी तं सोडलं नव्हतं, वयनी. तुमीच पाह्यलं. गधा म्हने मले, तुमा सगळ्याईसमोर."

"तू म्हनला होता, जिचा इळा आत राहीन तिनं गेटात पाय ठेवू नये. ती इळ्यासाठी फिरली. शिटी तिनं बी आयकली होती."

अंकुशनं काही तरी म्हणायला तोंड उघडलं.

"साहेब मले भेटला नाई," जया म्हणाली. "मशीन भेटली नाई. तू भेटला."

मग तिनं हात चालवले. आता मात्र झपाझप. दोन्ही हात दोन्हीकडच्या झाडांवर, एका हाताचं बोंड ओटीत पडेपर्यंत दुसऱ्याचं निघालेलं. बोलून टाकलं की छातीवरचं काही उतरेल असं तिला वाटलं होतं. काही उतरलं नाही. पण हात हलके झाले होते, ते पात ओढत गेले, आणि बघता बघता ती सुभद्राला, मयुराला मागे टाकून धुऱ्यावर पोचली.

त्या भागात वेचणाऱ्यांची एक रीत आहे. ज्याची पात आधी सरते त्यानं धुऱ्यावर बसून राहायचं नाही. शेजारचा मागे राहिला असेल तर त्याच्या पातीच्या ह्या टोकानं आत शिरायचं आणि वेचत त्याच्या सामोरं जायचं. दोघं मध्ये कुठेतरी भेटतात. जयानं जन्मभर ही रीत पाळली होती. म्हातारीकोतारीसाठी, गरवार बायांसाठी, भांडण असलेल्या शेजारणीसाठीसुद्धा.

सुभद्रा आपली पात सोडवून आली. तिनं अंकुशच्या पातीकडे पाहिलं, मग जयाकडे. ओटीची गाठ तिनं पुन्हा आवळली आणि पातीकडे एक पाऊल टाकलं.

"बस," जया म्हणाली.

सुभद्रा बसली. मयुरा आली, तीही बसली. हळूहळू सगळ्याच आल्या आणि धुऱ्यावर ओळीनं बसल्या. कुणी डबे सोडले. मालक पलीकडून ओरडला, "ए गड्या, बाया जेवाले बसल्या, तुयं अजून अर्धं बी झालं नाई." पऱ्हाटीत झाडांचे शेंडे तेवढे हलत होते. एक झाड, मग थांबून दुसरं.

जयानं पाण्याची कॅन उचलून दोन घोट घेतले, तोंड पुसलं आणि पाय लांब करून त्या हलणाऱ्या शेंड्यांकडे तोंड करून बसली. तिला घाई नव्हती.